तुम्हीच सांगून टाका, मॅम

सेमिस्टर संपत आलं की विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाबद्दल ऑनलाइन फॉर्म भरतात. लिहिणाऱ्याचं नाव दिसत नाही, त्यामुळे मुलं मोकळेपणाने लिहितात. फ्लिप्ड क्लासरूमच्या माझ्या पहिल्या सेमिस्टरनंतर त्या फॉर्मांत एकच वाक्य निरनिराळ्या इंग्रजीत पुन्हा पुन्हा आलं होतं : मॅम शिकवत नाहीत, नुसते प्रश्न विचारतात. एकाने पुढे जोडलं होतं, शिकवायचं काम त्यांनी यूट्यूबला देऊन टाकलंय. विभागप्रमुखांनी त्या फॉर्मांचा छापील कागद माझ्यासमोर सरकवला आणि काही न बोलता चष्मा पुसत बसले.

तक्रारीतला तपशील बरोबर होता. ती मुलं ज्याला शिकवणं म्हणत होती, ते मी खरंच कमी केलं होतं.

मी सिव्हिलची. मूळची सांगलीकडची, लग्न होऊन बंगळुरूला आले आणि इथेच रुजले. व्हीटीयूशी, म्हणजे बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाशी, संलग्न असलेल्या एका खासगी कॉलेजात शिकवते. तिसऱ्या सेमिस्टरचा ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’ हा माझा विषय. बीमवर भार आला की आत काय होतं, तो कुठे वाकतो, कुठे तुटेल, याचं हे शास्त्र. विद्यापीठाची परीक्षा साच्यातली : पाच मॉड्यूल, प्रत्येकातून दोन प्रश्न, त्यांतला एक सोडवायचा, २० गुण. शंभरातले मिळतील ते निम्मे करून ५० पैकी धरायचे, उरलेले ५० सेमिस्टरभराच्या इंटर्नल्सचे.

आधी मी सगळे शिकवतात तशीच शिकवायचे. बोर्डवर गणित सोडवायचं, मुलांनी उतरवून घ्यायचं. मधूनच ‘अर्थ आय्ता?’, समजलं का, म्हणून विचारायचं, वर्गाने ‘यस मॅम’ म्हणायचं. पुढे विद्यापीठाच्या डिजिटल व्हॅल्युएशनला बसलं की स्क्रीनवर एकामागून एक उत्तरपत्रिका यायच्या. कुठल्या कॉलेजची कुठली ते कळत नाही, पण चुका सगळ्या ओळखीच्या. रीत पाठ, आकडे बदलले की गाडी घसरलेली. बेंडिंग मोमेंटची आकृती सुबक काढलेली, पट्टीने, पेन्सिलीने, आणि उलटी. त्या ‘यस मॅम’च्या आत काय चाललं होतं हे मला सेमिस्टर संपल्यावर, तेही परक्या मुलांच्या पेपरातून कळत होतं.

फ्लिप्ड क्लासरूमची कल्पना सांगायला सोपी आहे. जे व्याख्यान वर्गात होतं ते मुलांनी आधी घरी व्हिडिओवर पाहायचं, आणि घरी जो अभ्यास एकट्याने करायचा तो वर्गात, शिक्षकाच्या देखत, एकमेकांशी बोलत करायचा. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या वुडलँड पार्क नावाच्या गावात जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स हे शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते. २००७ मध्ये त्यांनी पाठ रेकॉर्ड करायला सुरुवात केली ती कुठल्या शिक्षणशास्त्रीय तत्त्वज्ञानापायी नाही. त्यांची मुलं खेळांच्या सामन्यांसाठी लांब लांब जायची आणि तास बुडवायची. बंगळुरूत बसून हे वाचताना मला हसू आलं. माझी मुलं सामन्याला जात नाहीत, पण बसमध्ये असतातच. येलहंक्याहून कनकपुरा रोडला येणारा मुलगा दिवसातला केवढा वेळ सिल्क बोर्डसारख्या एखाद्या सिग्नलला काढतो याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

त्याआधी, १९९० च्या सुमारास, हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राचे एरिक माझूर यांना कळून चुकलं होतं की त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवतात, पण बळाबद्दलचा अगदी साधा प्रश्न शब्दांत विचारला की अडखळतात. त्यांनी वर्गात प्रश्न टाकून मुलांना एकमेकांशी वाद घालायला लावलं. आपल्याकडेही हे नवं नाही. पवईच्या आयआयटीत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या भल्या मोठ्या वर्गात सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग सगळ्यांसमोर’ ही पद्धत वापरून पाहिली. २०१३ मध्ये त्यांनी तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्या वेळात सरासरी ८३ टक्के मुलं खरोखर गुंतलेली होती, असं त्यांना दिसलं. मला आकड्यापेक्षा ते वर्गाचं वर्णन धीर देऊन गेलं. आमच्याही वर्गात बाकं जमिनीला ठोकलेली, पायऱ्यापायऱ्यांची. गोल करून बसवणं शक्यच नाही, पण शेजारी तर प्रत्येकाला असतोच.

व्हिडिओ लॉकडाउनमध्ये केलेले होते, ते कामी येतील असं वाटलं. आले नाहीत. ते तासाभराचे होते. एडएक्सवरच्या व्हिडिओंचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये झाला होता, त्यात असं दिसलं की सहा मिनिटांपुढे पाहणाऱ्यांचं लक्ष झपाट्याने ओसरतं. मी नव्याने केले. टेबलावर कोरा कागद, वर स्टँडला बांधलेला फोन, कागदावर चालणारा माझा हात आणि आवाज. चेहरा नाही. नऊ मिनिटांच्या व्हिडिओला एक आख्खी संध्याकाळ जाते, खाली पार्किंगमध्ये कुणी हॉर्न वाजवला की परत पहिल्यापासून. भाषा इंग्रजी, पण अडचणीच्या जागी कन्नड. कलबुर्गी, विजयपुराकडून कन्नड माध्यमातून आलेली मुलं असतात आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली, कन्नडचा गंध नसलेलीही. दोघांना एकाच व्हिडिओत सांभाळायचं म्हणजे वाक्य इंग्रजीत सुरू करून कन्नडमध्ये संपवायचं आणि बोट आकृतीवर ठेवायचं. आकृतीवरचं बोट सगळ्यांना समजतं.

यूट्यूब आपल्याला एक आलेख दाखवतं : कुठल्या क्षणी किती जण पाहत होते, कुठे सोडून गेले, कुठे मागे जाऊन पुन्हा पाहिलं. सुरुवातीला मी तो वरवर बघायचे, किती जणांनी पाहिलं एवढ्यापुरता. मग लक्षात आलं की त्या आलेखातले उंचवटे जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत एकाच ठिकाणी येतात : चिन्हांच्या नियमापाशी. बीमला खाली झोल पडला तर मोमेंट धन, वर उचलला गेला तर ऋण. इतकी वर्षं मी हे दीड वाक्यात उरकत होते, कारण मला ते क्षुल्लक वाटायचं. वर्गात कुणीही हात वर करून ‘मॅम, ते प्लस-मायनस पुन्हा सांगा’ म्हटलं नव्हतं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी कोण हात वर करील?

आणखी एक कळलं. बरीचशी मुलं व्हिडिओ सकाळी कॉलेजच्या बसमध्ये, दीडपट वेगाने पाहत होती. काही जण अजिबात नाही. पीजीत राहणाऱ्यांच्या वाय-फायच्या तऱ्हा, संध्याकाळी डिलिव्हरीचं काम करणारे एक-दोघे, घरी एकच खोली असलेली मुलगी, जी म्हणाली, ‘मॅम, आमच्याकडे रात्री दहापर्यंत टीव्ही असतो.’ घरी पाहून या, असं सांगताना आपण प्रत्येकाला एक शांत घर गृहीत धरतो. ते फुकटचं गृहीतक मी सोडून दिलं. आता आठवड्यातल्या चार तासांतला एक तास वर्गातच व्हिडिओसाठी असतो. ज्यांनी पाहिलाय ते पुढचा पाहतात किंवा गणितं सोडवतात. शुद्ध पद्धतवाल्यांना हे पटणार नाही, पण शुद्ध पद्धतवाले आउटर रिंग रोडने येत नाहीत. वर्गात फोनला बंदी असल्यामुळे या तासासाठी लेखी परवानगी काढावी लागली, ती एक स्वतंत्र कथा आहे.

पण व्हिडिओ हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग. खरी मेहनत प्रश्नाची. असा प्रश्न, ज्यात आकडेमोड जवळजवळ नाही, पण चुकीचं उत्तर मनापासून बरोबर वाटतं.

माझा आवडता प्रश्न हा. चार मीटरचा बीम, दोन्ही टोकांना टेकलेला. डाव्या टोकापासून एक मीटरवर त्याला २० किलोन्यूटन-मीटरचं कपल लावलंय, म्हणजे बीमला खाली न दाबता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने नुसता फिरवू पाहणारा भार. आता हे कपल उचलून उजवीकडे, तीन मीटरवर नेलं. टेकूंवरच्या रिअ‍ॅक्शन बदलतील का? एक बोट : डावीकडची वाढेल. दोन बोटं : उजवीकडची वाढेल. तीन : काहीच बदलणार नाही. बोटं छातीशी धरायची, म्हणजे शेजाऱ्याचं बघून बदलता येत नाही.

दोन बोटं सगळ्यात जास्त येतात, आणि त्यात हुशार मुलंही असतात. कारण साधा भार उजवीकडे सरकवला की उजवा टेकू जास्त उचलतो, हे त्यांनी बोर्डवर पाहिलंय, सोडवलंय, त्यावर गुण मिळवलेत. मी उत्तर सांगत नाही. ‘शेजाऱ्याला पटवा’ एवढंच म्हणते. मग जो गलका होतो त्यात इंग्रजी सगळ्यात आधी गळून पडतं. ‘चेंज आगल्ला,’ एक जण ठासून म्हणतो, बदलत नाही. ‘याके आगल्ला?’ का नाही? इथे तो अडतो. त्याचं उत्तर बरोबर आहे, कारण माहीत नाही. मागून कुणीतरी समीकरण मांडतं : डाव्या टोकाभोवती मोमेंट घे, कपलचे वीस, उजव्या रिअ‍ॅक्शनचं अंतर चार. वीस भागिले चार, पाच. कपलचं अंतर समीकरणात कुठे आलंच नाही. ‘इल्लवे इल्ला!’ नाहीच मुळी.

उजवा टेकू पाच किलोन्यूटन वर ढकलतो, डावा तेवढ्याच बळाने बीमला खाली धरून ठेवतो, कपल कुठेही असो. मग मी दुसरा प्रश्न टाकते : तर मग बीमला काहीच फरक पडला नाही? आता वर्ग सावध झालेला असतो. आकृती काढतात. एक मीटरवर असताना मोमेंट उणे पाचवरून अधिक पंधरावर उडी घेतो. तीन मीटरवर असताना उणे पंधरावरून अधिक पाचवर. टेकूंना पत्ताही नाही, पण बीमचा जो मधला भाग आधी खालून ताणला जात होता तो आता वरून ताणला जातोय. आधीच्या पद्धतीत हे सगळं मी पाच मिनिटांत सांगून पुढे गेले असते. इथे तीस मिनिटं जातात. अभ्यासक्रम पुरा कसा होतो, असं सहकारी विचारतात. होतो, कारण सांगण्याचा भाग व्हिडिओत गेलेला असतो. तरी दर सेमिस्टरला शेवटच्या मॉड्यूलला धावपळ होतेच, हे कबूल.

याच काळात ‘नीवे हेळ्बिडि, मॅम’ हे वाक्य मी सर्वांत जास्त ऐकलं. तुम्हीच सांगून टाका. हे आळसातून येतं असं मला वाटायचं, आता वाटत नाही. बारावीच्या कोचिंगमध्ये, सीईटीच्या तयारीत, ज्याला उत्तर झटकन येतं तो पुढे गेला हेच त्यांनी पाहिलंय. अडून राहणं म्हणजे मागे पडणं. २०१९ मध्ये हार्वर्डच्याच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर लुई डेलॉरियर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग मी विभागप्रमुखांना नेऊन दाखवला. ज्यांना स्वतः धडपडावं लागलं ती मुलं चाचणीत जास्त शिकलेली निघाली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. ओघवत्या व्याख्यानाला बसलेल्यांचं नेमकं उलटं. सरांनी तो कागद शांतपणे वाचला आणि म्हणाले, ‘हे बरोबर असेल हो, पण फीडबॅकचा फॉर्म काय वाटलं तेच विचारतो.’ त्यांचंही खरं होतं.

पालकसभेत एका वडिलांनी तर सरळ विचारलं, व्हिडिओ फुकट आहेत, मग आम्ही फी कशाची भरतो? मी म्हटलं, तुमचा मुलगा चुकतो तेव्हा त्याच्या शेजारी उभं राहण्याची. उत्तर जरा नाटकी झालं, त्यांना पटल्यासारखंही दिसलं नाही.

डिप्लोमा करून थेट तिसऱ्या सेमिस्टरला येणाऱ्या मुलांबद्दल सांगायला हवं. वर्गात त्यांची एक वेगळी, शेवटची रांग असते. गणित कच्चं, इंग्रजी त्याहून कच्चं, आणि बाकीची मुलं त्यांना फारशी विचारत नाहीत. एकदा प्रश्न होता : भिंतीतून बाहेर आलेल्या बाल्कनीत मुख्य सळई कुठे घालायची, वर की खाली? बहुतेकांनी खाली सांगितलं. पुस्तकातल्या साध्या बीमला ती खालीच असते. शेवटच्या रांगेतल्या एकाचा हात वर होता. त्याला शेजाऱ्यांना पटवायला सांगितलं. त्याने सूत्र वगैरे काही सांगितलं नाही. बाल्कनी पडते तेव्हा आधी भेग वरून जाते, भिंतीपाशी, म्हणाला. काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून सळई वर. आणि मग त्याने आम्हांला न विचारलेली गोष्ट सांगितली : काँक्रीट ओतताना माणसं त्याच सळईवर उभी राहतात, ती दबून खाली जाते, म्हणून तिच्याखाली आधाराला चेअर बांधाव्या लागतात, आणि नेमक्या त्याच ठेकेदार वाचवतो. नकाशात सळई वर, प्रत्यक्षात मध्यावर.

डिप्लोमाच्या सुट्ट्यांत तो साइटवर सुपरवायझरच्या हाताखाली असायचा. माझ्या जुन्या पद्धतीत हे त्याच्या तोंडून बाहेर पडायला जागाच नव्हती. मी तो प्रश्न बोर्डवर स्वतःच सोडवला असता, त्याने उतरवून घेतला असता. त्या तासानंतर मुलं त्याच्या शेजारी बसायला लागली असं काही झालं नाही. पण साइटचा प्रश्न आला की माना मागे वळायला लागल्या. परीक्षेत तो जेमतेमच पास झाला. पेपर चेअरबद्दल विचारत नाही.

सगळंच फ्लिप करावं या मताची मी नाही. बेंडिंगच्या समीकरणाची सिद्धता व्हिडिओत छान बसते, थांबवून थांबवून पाहता येते. वर्गात फक्त तिच्या गृहीतकांवर भांडतो : बीमचा सपाट छेद वाकल्यावरही सपाटच राहतो, हे कुणी पाहिलंय? टॉर्शनची सिद्धता मात्र मी अजून बोर्डवरच करते. खडूने, सलग, वर्ग गप्प. याला शैक्षणिक कारण काही नाही, मला ती करायला आवडते. आणि माहिती लक्षात ठेवण्याचे जे विषय आहेत, विटांचे प्रकार, सिमेंटच्या चाचण्या, तिथे ही पद्धत ओढूनताणून वापरलेली पाहिली की कीव येते. व्हीटीयूच्या अभ्यासक्रम-पुस्तिकेत शिकवण्याच्या सुचवलेल्या पद्धतींत फ्लिप्ड क्लासचं नाव असतं, आणि नॅक-एनबीए या मूल्यांकन संस्थांच्या फायलीत नावीन्यपूर्ण अध्यापनाचा पुरावा लागतो. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ती एका दुपारपुरती घडते, स्थळ-वेळ छापलेला फोटो निघतो आणि फाइल बंद होते. मलाही असा फोटो मागितला गेला. वाद घालणाऱ्या मुलांचा दिला, तर तो परत आला. फोटोत शिस्त दिसत नाही म्हणे.

गेल्या काही सेमिस्टरांत एक नवाच पेच आलाय. तासाआधी व्हिडिओवर चार प्रश्नांची ऑनलाइन चाचणी असायची, तिला थोडे गुण होते. एकाएकी सगळ्यांनाच पैकीच्या पैकी मिळू लागले. उत्तरं सफाईदार, स्वल्पविराम जागच्या जागी. चॅटजीपीटीला व्हिडिओही पाहायची गरज नसते. मी ती चाचणी आणि तिचे गुण दोन्ही काढून टाकले. आता वर्गात शिरताना प्रत्येकाने दारातल्या डब्यात हाताने लिहिलेली एक चिठ्ठी टाकायची : कुठे अडलं, एका ओळीत. कन्नड, हिंदी, इंग्रजी, काहीही चालेल. नाव हवं, गुण नाहीत.

हजेरी चालू असते तेवढ्यात मी चिठ्ठ्या चाळते. चिन्हांच्या नियमावरच्या दोन-तीन असतातच, तो व्हिडिओ तिसऱ्यांदा केलाय तरी. एखादा ‘बसमध्ये आवाज ऐकू आला नाही’ असं प्रामाणिकपणे लिहितो. बऱ्याच चिठ्ठ्यांवर ‘ऑल क्लिअर’ असतं. त्या मी वेगळ्या काढून वर ठेवते आणि पहिला प्रश्न त्यांतल्याच एखाद्या नावाला विचारते. परवा अशाच एका मुलीला उठवलं. फळ्यावरच्या आकृतीकडे ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘मॅम, चिठ्ठी बदलून देऊ का?’ दिली बदलून. नवीन चिठ्ठीवर तीन ओळी होत्या. तिसऱ्या ओळीतल्या शंकेवर तो तास गेला.